संकष्टीचा चंद्र आणि राजवाड्यासमोरचा सूर्य: इंदूरच्या गच्चीवरून ग्रहांची पहिली ओळख

संकष्टीच्या रात्री आमच्या गल्लीत एक ठरलेला प्रकार होतो. मोदक तयार असतात, पानं मांडायची बाकी असतात आणि घरातलं एखादं लहान मूल गच्चीवर पिटाळलेलं असतं. "बघ रे, निघाला का?" खाली काकू कॅलेंडरकडे बघत उभ्या. कॅलेंडरवर ठळक छापलेली चंद्रोदयाची वेळ असते मुंबईची.

इंदूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ ३ अंशांवर आहे. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे चंद्र आपल्याकडे मुंबईच्या सरासरी १२ मिनिटं आधी उगवतो. आपण मुंबईच्या थोडे उत्तरेलाही आहोत, त्यामुळे हा फरक काही महिन्यांत वाढतो, काही महिन्यांत कमी होतो. काही कॅलेंडरांत मागच्या बाजूला गावोगावच्या वेळा दिलेल्या असतात, त्यात इंदूरही असतं. पण भुकेल्या पोटी मागचं पान उलटतं कोण?

शाळेत 'बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ' घडाघडा म्हटलेलं असतं, पण संध्याकाळी गच्चीवर उभं केलं तर त्यातला एकही ओळखता येत नाही, अशांसाठी हा लेख. (पृथ्वी सोडून. ती पायाखाली असते.) चाळिशीपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. चुकत माकत ज्या क्रमाने शिकलो, तोच क्रम सांगतो. सगळं मिळून साधारण वर्षभराचं काम आहे आणि पहिले सहा महिने त्याला पैसे लागत नाहीत.

दुर्बीण इतक्यात नको

माझी पहिली दुर्बीण मी ऑनलाइन मागवली. खोक्यावर शनीचा झळझळीत फोटो होता आणि मोठ्या अक्षरांत '५२५ पट' लिहिलेलं. तिपाई इतकी लेचीपेची की नुसता श्वास सोडला तरी गुरू नाचायचा. शनी कधी सापडलाच नाही. समोरच्या विजेच्या खांबावरचं कबूतर मात्र उलटं आणि अतिशय सुस्पष्ट दिसलं. ती दुर्बीण आता माळ्यावर आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईला दर्शन देते.

माझ्या पैशातून तुम्ही एवढं शिकून घ्या: दुर्बिणीच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे मोठं करून काही मिळत नाही. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट ही हद्द. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण धुरकट होतं.

सुरुवातीला पुरतं ते एवढंच: एक वही, एक सरळ काठी, तोंडावर लाल जिलेटीन कागद बांधलेला टॉर्च, भिंतीवरचं पंचांग आणि फोनवर स्टेलॅरियम हे फुकट मिळणारं ॲप, ज्यात ठिकाण 'इंदूर' निवडलेलं असेल. टॉर्चला लाल कागद अशासाठी की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड ती एका झटक्यात घालवतो. फोनचा पडदाही तेच करतो, म्हणून ॲप खालीच बघून घ्या आणि मग वर जा.

पहिलं काम दिवसाउजेडी: उत्तर शोधा

आकाश बघायचं तर आधी आपल्या गच्चीची उत्तर कुठे ते पक्कं पाहिजे. फोनचं होकायंत्र गच्चीवरच्या लोखंडी सळ्यांपाशी गोंधळतं. त्यापेक्षा सावली बरी.

वाळू भरलेल्या बादलीत १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. सुट्टीच्या दिवशी पावणेबारापासून दर ५ मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करत जा. सावली आखूड होत जाते आणि एका क्षणानंतर पुन्हा लांबू लागते. सगळ्यात आखूड सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. त्या रेषेवर ऑइलपेंटची पट्टी मारून टाका, जन्माचं काम झालं.

हे करताना एक गोष्ट लक्षात येईल: सावली १२ वाजता सगळ्यात आखूड नसते. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि इंदूर ७५.८६ वर. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्याच्या रेषेवर येतो सरासरी १२ वाजून २६-२७ मिनिटांनी. सरासरी म्हणतोय, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच वेळ १२:१० च्या आसपास येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४१ च्या. वर्षभर महिन्यातून एकदा हा खेळ करणारा मुलगा घड्याळाकडे पूर्वीसारखा बघत नाही, हे मी घरात पाहिलंय.

आणि जून उजाडला की काठी विसरू नका. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही पलीकडून जातं. म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य इंदूरच्या अगदी माथ्यावर येतो: ६-७ जूनच्या सुमारास आणि पुन्हा ५-६ जुलैच्या सुमारास. तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. जुलैमध्ये ढग असायचेच, म्हणून जूनची तारीख धरा. दिल्लीकरांना हे आयुष्यात स्वतःच्या गच्चीवर बघायला मिळत नाही.

एक रविवार उज्जैनला

महाकाळाचं दर्शन झालं की सगळे परतीची गाडी पकडतात. त्याऐवजी शिप्रेच्या काठच्या वेधशाळेत दोन तास काढा. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच वेधशाळा उभारल्या. मथुरेची नामशेष झाली. उज्जैनची पडझड झाली होती, ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. जागा उज्जैनच निवडण्याला कारण होतं. भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखांश उज्जैनवरून मोजत.

तिथे नवख्याने दोनच यंत्रांपाशी रेंगाळावं. पहिलं सम्राट यंत्र. त्याच्या मधल्या जिन्याची तिरपी भिंत २३ अंश ११ कलांनी चढवलेली आहे, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढाच. ती भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे आणि रात्री तिच्या रेषेत नजर लावली तर ध्रुव येतो. दिवसा तिचीच सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवर पडून वेळ दाखवते. दुसरं नाडीवलय: दोन गोल तबकड्या, एक उत्तरेकडे तोंड करून, एक दक्षिणेकडे. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो त्या सहा महिन्यांत उत्तरेच्या तबकडीवर ऊन असतं, उरलेल्या सहा महिन्यांत दक्षिणेच्या. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला-दक्षिणेला जातो म्हणजे काय हे मला जितक्या वेळा पुस्तकातून कळलं तितक्या वेळा मी ते विसरलो. तबकडीवर हात ठेवला आणि एक बाजू तापलेली, दुसरी गार लागली, तेव्हापासून विसरलेलो नाही.

२१ जूनला दुपारी तिथे शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, सावली नाहीशी होताना बघायला गर्दी होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी १ मीटरच्या काठीची अर्धा सेंटिमीटर सावली उरते, पण तेवढी कोण मोजतो!

परत आल्यावर त्याच रात्री गच्चीवर ध्रुव शोधा. हात ताठ समोर धरला की बंद मूठ साधारण १० अंश व्यापते. ध्रुव जमिनीपासून आपल्या अक्षांशाइतका वर असतो, म्हणजे इंदूरला पावणेतेवीस अंश. ऑइलपेंटच्या पट्टीच्या दिशेने तोंड करा आणि क्षितिजापासून दोन मुठी आणि वर दोन बोटं मोजा. तिथे एक मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसेल. लोकांना वाटतं ध्रुव आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तो मान व्याधाचा. ध्रुवाचं कौतुक एवढंच की तो हलत नाही, आणि काटेकोर बोलायचं तर तोही किंचित हलतो.

एक महिना फक्त चंद्र

ग्रहांची घाई असली तरी हा महिना गाळू नका. ग्रह सापडतील ते चंद्राच्या मदतीनेच.

शुक्ल द्वितीयेच्या कोरीपासून सुरू करा. रोज एकाच वेळी, समजा साडेसातला, गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभे राहा आणि समोरच्या इमारतींच्या रेषेवर चंद्र कुठे आहे ते वहीत काढा. चंद्र रोज १३ अंश, म्हणजे सव्वा मूठ, पूर्वेकडे सरकलेला दिसेल. सूर्यही त्याच दिशेला रोज १ अंश सरकतो. दोघांतलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी झाली. तिथी म्हणजे एवढंच, सूर्य-चंद्रांमधला कोन. ती सकाळी ११ला संपली आणि पहाटे ४ला संपली यावरून घरात होणारे वाद कोनमापकाने मिटतात. (मिटत नाहीत. पण मिटायला हवेत.)

इंदूरच्या मराठी घरात आणखी एक घोळ असतो. शेजारच्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा सारखा, कृष्ण पक्षाचं नाव मात्र वेगळं: महाशिवरात्र आपल्या माघात, त्यांच्या फाल्गुनात. चंद्र तोच, रात्रही तीच.

आणि महिन्यांची नावं आकाशातूनच आलेली आहेत. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षात मृगशीर्षाच्या, माघात मघेच्या, चैत्रात चित्रेच्या. पौर्णिमेला वर जाऊन शेजारचा तेजस्वी तारा बघून ठेवला, की वर्षभरात बारा खुणा फुकट जमा होतात.

कुणाकडे बायनॉक्युलर असेल तर शुक्ल सप्तमी-अष्टमीला मागून आणा. पौर्णिमेचा चंद्र बघण्यात अर्थ नसतो, समोरून ऊन पडल्यामुळे सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उभ्या राहतात, सावल्यांसकट. खालच्या टोकाकडे, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चं विक्रम उतरलं. ते यान आपल्याला दिसणं शक्य नाही, पण तो भाग डोळ्यांनी गाठता येतो.

आता ग्रह

दोन नियम. चंद्र ज्या वाटेने महिनाभर गेला, ग्रह त्याच वाटेच्या आसपास असतात. आपली वही उघडा आणि तेवढाच पट्टा बघा. ध्रुवाच्या बाजूला कितीही तेजस्वी ठिपका दिसला तरी तो ग्रह नव्हे. दुसरा नियम, तारे लुकलुकतात, ग्रह बहुधा स्थिर तेवतात. क्षितिजाजवळ हा नियम लागू नाही, तिथल्या जाड हवेत शुक्रही मिचमिचतो.

शुक्र शोधावा लागत नाही. सूर्य-चंद्रांनंतर आकाशात सगळ्यात तेजस्वी तोच. सूर्यापासून तो ४७ अंशांपलीकडे, पावणेपाच मुठींपलीकडे जात नाही, म्हणून एक तर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो किंवा पहाटे पूर्वेला. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून गराडू खाऊन मध्यरात्री परतताना डोक्यावर 'शुक्राची चांदणी' दिसली असं कुणी म्हणालं, तर त्याने दुसरंच काहीतरी पाहिलंय. त्याची झळाळी त्याच्या ढगांची आहे. ढगांखाली कार्बन डायऑक्साइडचं वातावरण, आपल्या नव्वदपटीहून जास्त दाब आणि शिसं वितळेल असं ४६० अंशांवरचं तापमान. तो स्वतःभोवती उलटा फिरतो आणि एका फेरीला २४३ दिवस घेतो. सूर्याभोवतीची फेरी मात्र २२५ दिवसांत उरकतो.

बुध इंदुरात राहून फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो सूर्यापासून २८ अंशांपेक्षा दूर जात नाही आणि तेवढ्या उंचीवर आपल्याकडे पाण्याच्या टाक्या असतात. ॲपमध्ये त्याचा चांगला आठवडा बघा आणि सूर्यास्ताला पितृपर्वतावर जा, पश्चिम मोकळी मिळेल.

गुरू म्हणजे शांत, पिवळसर पांढरा दिवा. बायनॉक्युलर भिंतीला टेकवून स्थिर धरला तर त्याच्या दोन्ही अंगांना एका रेषेत बारीक ठिपके दिसतात. हे त्याचे चार मोठे चंद्र. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच पाहिलं आणि रोज त्यांच्या जागा लिहून ठेवल्या. तुम्हीही लिहा. सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, त्यामुळे लागोपाठच्या दोन रात्री चित्र सारखं नसतं. खुद्द गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे बारा राशींना सुमारे बारा वर्षं, राशीला एक वर्ष. उज्जैनचा सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो, याचं उत्तर हे आहे: गुरू सिंहेत परतला. २०१६ ला होता, पुढचा २०२८ ला. तिकडे कृष्णाकाठी कन्यागताचं पर्व लागतं तेव्हा तोच गुरू एक घर पुढे, कन्येत गेलेला असतो.

शनीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण मराठी घरात शनी हा ग्रह कमी आणि पाहुणा जास्त असतो, तोही न बोलावलेला. शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. भागिले बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, तीन अडीचक्या साडेसात. साडेसाती हे शनीच्या कक्षेचं अंकगणित आहे. त्या काळात काय होतं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी पत्रिका बघत नाही. पण मार्च २०२५ मध्ये मीन राशीत गेलेला शनी आणि मीन नक्षत्रपुंजात दिसणारा तो फिकट पिवळा ठिपका एकच आहेत, हे स्वतः पाहिल्यावर आमच्या शेजारच्या आजींची भीती गेली असं नाही, पण त्या आता त्याला 'अहो शनिमहाराज' ऐवजी 'आला का तो?' म्हणतात.

शनीची कडी बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत, तीस-चाळीस पट दाखवणारी चांगली दुर्बीण लागते. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्या नजरेच्या रेषेत आडवी आली होती आणि जवळजवळ नाहीशी झाली होती. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२च्या सुमाराला पुरती पसरलेली दिसतील. दुर्बीण घ्यायला उशीर झाला तरी नुकसान नाही, ते यामुळे.

मंगळ लहरी. दोन वर्षं मरगळलेला लाल ठिपका, मग काही आठवडे झळझळीत. साधारण २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला आतल्या कक्षेतून ओलांडते, तेव्हा तो आपल्या जवळ असतो. ओलांडताना तो उलटा चाललेला दिसतो, यालाच वक्री म्हणतात. एबी रोडवर आपली बस ट्रकला ओव्हरटेक करते तेव्हा लांबच्या झाडांच्या समोरून ट्रक मागे सरकल्यासारखा वाटतो ना, तसंच. फेब्रुवारी २०२७ मध्ये हा प्रकार मघा ताऱ्याच्या जवळ घडणार आहे. १९ फेब्रुवारीला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर असेल, आणि गुरूही त्याच महिन्यात, त्याच बाजूला. डिसेंबर २०२६ पासून एप्रिल २०२७ पर्यंत आठवड्यातून एकदा मघेच्या तुलनेत मंगळाची जागा वहीत मांडा, पानावर वळसा आपोआप उमटेल.

युरेनस आणि नेपच्यून नवख्यांच्या यादीत नकोत. एवढंच माहीत असू द्या की युरेनस १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला दुर्बिणीत सापडला, तर नेपच्यून १८४६ मध्ये आधी कागदावरच्या गणितात सापडला आणि मग आकाशात. प्लूटो २००६ पासून बटुग्रह.

राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत सूर्यमाला

पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका पानावर मावतात, त्यामुळे अंतरांचा अंदाज कायमचा बिघडतो. तो एका सकाळी सुधारता येतो. रविवारी लवकर, पोहे-जिलबीच्या आधी, मुलांना घेऊन राजवाड्यापाशी जा. माप धरा: १ सेंटिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर. अंतरं पक्ष्याच्या उडण्याने सरळ रेषेत मोजा, रस्त्याने थोडी जास्त भरतील.

राजवाड्याच्या दरवाज्यासमोर सूर्य: १.४ मीटरचा गोळा, दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीचा. ५८ मीटरवर बुध, तुरीचा दाणा. १०८ मीटरवर शुक्र. दीडशे मीटरवर, म्हणजे सराफ्यात शिरता शिरता, पृथ्वी: एक काबुली चणा. तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर चंद्र, ज्वारीचा दाणा. माणूस आजवर जिथे जिथे गेला ते सगळं या ३८ सेंटिमीटरच्या आसपास संपतं. सूर्याचा अभ्यास करायला सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून दीड मीटरवर आहे, सूर्याच्या दिशेला.

मंगळ सव्वादोनशे मीटरवर, मटाराएवढा. नोव्हेंबर २०१३ मध्ये निघालेलं मंगळयान चण्यापासून त्या मटारापर्यंत २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं.

इथपर्यंत मुलं पळत येतात. मग कंटाळा सुरू होतो आणि तो कंटाळाच शिकवतो. कृष्णपुरा छत्र्या ओलांडून चालत राहा, ७७८ मीटरवर गुरू भेटेल, मोठा नारळ. शनी १.४ किलोमीटरवर, रेल्वे स्टेशनपाशी; गोळा १२ सेंटिमीटरचा, पण त्याची कडी पोह्यांच्या मोठ्या ताटलीएवढी. युरेनससाठी छप्पन दुकानच्या आसपास एक लिंबू ठेवा. तसंच दुसरं लिंबू, नेपच्यून, साडेचार किलोमीटरवर, एलआयजी चौराह्याच्या पुढे, विजयनगरच्या अलीकडे. आम्ही छप्पनपाशीच थांबलो. नेपच्यूनला कुणी गेलं नाही, सगळे खायला बसले.

जेवढं चाललात त्या पूर्ण रस्त्यावर, एक नारळ, एक ताटली, दोन लिंबं आणि मूठभर दाणे सोडले तर काही नाही. (ग्रह कधी असे एका रेषेत उभे नसतात, ते आपापल्या वर्तुळात कुठेही असू शकतात; रेषा आपल्या सोयीची.) या मापात प्रकाश सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकतो, सराफ्यातल्या शनिवारच्या रात्रीच्या गर्दीपेक्षाही हळू. राजवाड्यापासून पृथ्वीपर्यंत त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान आता महूच्या थोडं पुढे, २५ किलोमीटरवर पोहोचलंय. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी? तो या मापात ४०,००० किलोमीटरवर येतो. पृथ्वीचा परीघही तेवढाच. म्हणजे त्याला गाठायला राजवाड्यावरून निघून जगाची पूर्ण प्रदक्षिणा घालून पुन्हा राजवाड्यावर यावं लागेल.

सहा महिन्यांनंतर काय घ्यावं

अजून ओढ टिकली असेल तर बायनॉक्युलर घ्या. १०×५० किंवा ७×५० असं लिहिलेला: पहिला आकडा किती पट, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हात कापत असेल तर ७×५०. त्यातून कृत्तिका, चंद्राची विवरं, गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ एवढं सहज जमतं. दुर्बीण त्यानंतर, आणि घेण्याआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा बघून. पैसे तिपाईत जास्त घाला.

सूर्याकडे बायनॉक्युलर किंवा दुर्बीण कधीही रोखू नका. क्षणभरात डोळा कायमचा जातो आणि दुखतही नाही, त्यामुळे कळत नाही. मुलं असतील त्या घरात बायनॉक्युलर दिवसा कुलपात.

काळ्या आकाशासाठी अमावास्येच्या आसपास शहराबाहेर पडा, जानापावच्या किंवा चोरलच्या बाजूला, आणि एकटे जाऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणून आपण मिरवतो ती या काळात कोरडी आणि गार असते. फेब्रुवारीत रात्री नऊला दक्षिणेला क्षितिजापासून दीड मूठ वर अगस्ती दिसतो, व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. पावसाळ्यात आकाशाची सुट्टी, तेव्हा वहीतल्या खुणा नीट उतरवून काढा.

आणि पुढच्या संकष्टीला एक काम करा. चंद्र प्रत्यक्ष दिसला ती वेळ लिहा आणि कॅलेंडरवरच्या मुंबईच्या वेळेतून वजा करा. बारा मिनिटं आधी यायला हवा. आमच्याकडे येत नाही. पूर्वेला समोरच्या घराने दोन वर्षांपूर्वी तिसरा मजला चढवला आणि वर टाकी ठेवली. चंद्र त्या टाकीमागून वर यायला नेमकी ती बारा मिनिटं खातो. त्यामुळे काकूंचं कॅलेंडर आमच्या गच्चीपुरतं मिनिटाला बरोबर निघतं आणि माझं गणित ऐकून घ्यायला त्या तयार नाहीत.